पॅनेल मुरवायची रीत

"मामी, वर झोप लागली की काय?" शिडी धरून उभ्या असलेल्या टिटसने खालून हाक मारली. "डावा हात उगवतीकडे, नाक दक्षिणेला! मलासुद्धा पाठ आहे."

"पाठ आहे तर तूच ये वर," रेबेका म्हणाली. "माझे गुडघे बघ कसे वाजतायत. जुनी गाढवगाडी बरी."

अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलेले गेर्टकाका खो खो हसले. कुणाच्या छपरावर उन्हावर चालणारं विजेचं पॅनेल बसवायचं असलं की काका हटकून हजर असायचे. कॉफी आणि गरम गरम तळलेला पाव चुकवणं त्यांना पाप वाटायचं. शिवाय ते चर्चचे वडीलधारी, त्यांच्या देखरेखीशिवाय गावात काही होत नसे, निदान त्यांची तरी तशी समजूत होती.

रेबेकाला मात्र हसू येत नव्हतं. पॅनेलची लोखंडी चौकट एका हाताने धरून ती पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यावर बसली होती. एकोणीस वर्षांत शंभरावर छपरं पालथी घातलेली बाई, आणि आज चौकट कोणत्या बाजूला वळवावी याचा तिला निर्णय होत नव्हता. खाली घरात तिची नणंद डॉर्कस खोकत होती. खोकला थांबला की शिटीसारखा श्वास ऐकू यायचा, आणि तो ऐकला की रेबेकाच्या हातातला पाना सैल पडायचा.

डॉर्कसची छाती दर हिवाळ्यात भरायची, पण या वर्षी दुखणं फारच बळावलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने वाफेचं यंत्र दिलं आणि बजावून सांगितलं, दिवसा दोनदा आणि रात्रीतून तीनदा, चुकवायचं नाही. यंत्राला वीज हवी. जुनं पॅनेल गेल्या वावटळीत उडून शेळ्यांच्या कुंपणात जाऊन फुटलं होतं. तिचा मुलगा टिटस तिकडे समुद्राकाठी बंदरात कामाला. तो रजा काढून, कुणाची तरी पिकअप मागून, नवं पॅनेल आणि नवी बॅटरी घेऊन आला. तीन रात्री त्याने आईचं यंत्र पिकअपच्या बॅटरीवर चालवलं. परवा पहाटे तो निघणार होता, पिकअपसकट.

त्यानंतर डॉर्कसचा श्वास या छपरावर अवलंबून राहणार होता.

गावातली रीत सगळ्यांना ठाऊक होती. नवं पॅनेल आधी दक्षिणेला तोंड करून बसवायचं आणि मुरू द्यायचं. हिवाळ्यात ज्या सकाळी शेळ्यांच्या डोणीतल्या पाण्यावर पहिल्यांदा बर्फ धरेल, त्या दिवशी रेबेकाला बोलवायचं. तिने पुन्हा छपरावर चढून पॅनेलचं तोंड उत्तरेला फिरवायचं. मग कॉफी, तळलेला पाव, आणि गेर्टकाकांची प्रार्थना. शहरातली माणसं पहिल्या दिवसापासूनच उत्तरेला बसवतात म्हणून त्यांच्या बॅटऱ्या टिकत नाहीत, असं काका पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे.

ही रीत रेबेकाने घातली होती, आणि ती साफ खोटी होती.

एकोणीस वर्षांपूर्वी तिला सहा महिने हिंदुस्थानातल्या एका वाळवंटी गावात शिकायला पाठवलं होतं. अक्षर न येणाऱ्या बायकांची शाळा होती ती. शिकवणाऱ्यांची भाषा हिला येत नव्हती आणि हिची त्यांना. लाल तार, काळी तार, बोटांवर मोजणी, खाणाखुणा. दिशा शिकवायला मास्तरीणबाई अंगणात उभ्या राहायच्या, डावा हात उगवत्या सूर्याकडे करायच्या आणि नाकाला बोट लावायच्या. नाक जिकडे, पॅनेलचं तोंड तिकडे. रेबेकाने ते देवाच्या आज्ञेसारखं पाठ केलं. परत आली ती ऐन उन्हाळ्यात. सूर्य डोक्यावर, पॅनेल कसंही ठेवा, बॅटरी भरायची. चौतीस घरांत दिवे लागले. मग जून आला, इथला हिवाळा, आणि चौतीसच्या चौतीस घरांतले दिवे रात्री आठलाच माना टाकू लागले.

आयुष्य शेळ्यांमागे गेलेल्या बाईला हिवाळ्यात ऊन कुठून येतं हे ठाऊक नव्हतं असं नाही. पाठ शेकायला ती स्वतः लहानपणापासून घराच्या उत्तरेच्या भिंतीला बसत आली होती. पण ज्यांनी विमानात बसवून नेलं, ज्यांच्याकडे एवढी यंत्रं, त्यांच्या विद्येला आपलं शेळ्यांमागचं शहाणपण लावायचं धाडस तिला झालं नव्हतं. त्या जूनमध्ये तिने भर दुपारी अंगणात काठी रोवली, सावली दक्षिणेला पडलेली पाहिली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा देश पृथ्वीच्या वरच्या अंगाला, आपला खालच्या. तिथला डावा हात इथे उजवा व्हायला हवा होता.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? पण बाईला कशाला पाठवता, तीही निरक्षर, असं भर सभेत म्हणणारे गेर्टकाकाच होते. पुढच्या वर्षी आणखी दोघी जायच्या होत्या. चूक कळली असती तर त्या चुलीपाशीच राहिल्या असत्या. म्हणून रविवारी प्रार्थना सुटल्यावर रेबेका सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, नवी लोखंडी हंडी कशी चरबी चोळून मुरवावी लागते, तसंच हे. आता पॅनेलं मुरली. आता त्यांची तोंडं फिरवायची.

लोकांनी माना डोलावल्या. त्या दोघी गेल्या, शिकून आल्या, आणि इथली रीत म्हणून त्याही तसंच करू लागल्या. छपराला पांढरा रंग द्या, पत्र्याखाली बोरूच्या चटया बांधा, उन्हाळ्यात घर निम्मं गार राहील, हेही रेबेकानेच शिकवलं होतं, आणि ते सगळं खरं होतं. लोकांना खरं आणि खोटं सारखंच पटलं. रेबेका मात्र प्रत्येक घरावर दोनदा चढत राहिली. एकदा खोटं बसवायला, एकदा ते निस्तरायला.

"कॉफी गार होतेय गं रेबेका!" गेर्टकाका म्हणाले. "आणि यंदा बर्फाचं काही खरं नाही बरं का. रात्रीचे ढग असतात. गेल्या वर्षी तर जुलै उजाडला होता."

जुलै. रेबेकाने मनात हिशेब केला. दक्षिणेला तोंड करून ठेवलेलं पॅनेल या दिवसांत पाव बॅटरीसुद्धा भरणार नाही. संध्याकाळचा दिवा, एकदाची वाफ, की संपलं. पहाटे तीनच्या वाफेला डॉर्कस कुणाच्या तोंडाकडे बघणार होती?

एक थाप जिभेवर अगदी तयार होती. हे नवं पॅनेल कारखान्यातूनच मुरून आलंय, असं म्हटलं की झालं. टिटसने मान डोलावली असती, काकांनी दोन प्रश्न विचारले असते, आणि डॉर्कसचं भागलं असतं. पण मग पुढचं घर? तिथे पुन्हा डावा हात. आपण मेल्यावरही या गावात आजारी माणसं बर्फाची वाट बघत अंधारात पडून राहतील. थापेवर थाप रचायचा तिला कंटाळा आला होता. गुडघ्यांपेक्षाही जास्त तोच दुखत होता.

आणि योहाना होतीच, गेर्टकाकांची गेलेली बायको.

ती एकेक पायरी चाचपत खाली उतरली.

"काय झालं? पाना पडला?" टिटसने विचारलं.

"नाही." तिने हात घागऱ्याला पुसले. "हे उत्तरेला बसवायचं. आत्ताच."

"अगं पण बर्फ कुठे धरलाय?" काका खुर्चीत सरसावून बसले. "न मुरलेलं पॅनेल जळतं, तूच सांगितलंस ना?"

"मीच सांगितलं. खोटं सांगितलं, काका. मुरणं-बिरणं काही नसतं. मी पहिल्या वर्षी चुकले होते. तिकडचं जसंच्या तसं इकडे लावलं. चूक लपवायला ही रीत काढली."

टिटस हसला. मग मामी हसत नाही हे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे एवढी वर्षं…"

"एवढी वर्षं."

दारात खुडबुड झाली. डॉर्कस अंगाभोवती घोंगडी गुंडाळून चौकटीला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचे खांदे हलू लागले, आणि रेबेकाला वाटलं ही आता रडणार. पण ती हसत होती. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू.

"वहिनी, अगं बये… म्हणजे प्रत्येकाच्या छपरावर… दोन-दोनदा? उगाच?"

"उगाच."

"माझा भाऊ म्हणायचाच, बायको कामाची आहे पण हट्टी." तिने दम घेतला. "माझ्या छपरावर तरी एकदाच चढ. जा, बसव नीट."

तेवढ्याने रेबेकाचा जीव भांड्यात पडला असता. पण गेर्टकाका हसले नव्हते. त्यांनी कॉफीचा पेला हळूच जमिनीवर ठेवला होता आणि ते आपल्या हातांकडे बघत होते.

"माझं पॅनेल गारांनी फुटलं होतं," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली. तू मार्चमध्ये नवं बसवलंस."

"हो."

"त्या वर्षीही बर्फ उशिरा धरला. योहाना पडून होती. दिवा ठेवा म्हणायची, अंधारात गुदमरतं म्हणायची. आठ वाजले की दिवा जायचा. मी तिला म्हणायचो, थोडं थांब, मुरतंय." त्यांनी मान वर केली. "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

टिटसने मध्ये काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डॉर्कसने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"ठाऊक होतं," रेबेका म्हणाली. "दोनदा तुमच्या दारापर्यंत आले सांगायला. आणि परत गेले."

काकांनी खुर्चीच्या पाठीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, काठी उचलली. तळलेल्या पावाची थाळी तशीच झाकलेली राहिली. फाटकापाशी ते क्षणभर थांबले, पण वळले नाहीत. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत रेबेका तिथेच उभी राहिली. आपण या माणसाची माफीसुद्धा मागितली नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं. मागून तरी काय मिळणार होतं?

मग ती पुन्हा शिडी चढली. टिटस तिच्या मागोमाग वर आला आणि त्याने चौकट उचलून धरली. तिने उजवा हात उगवतीकडे केला, चारही बोल्ट घट्ट पिळले. शेवटचा पिळताना तिला कळलं, आता पुन्हा आपल्याला छपरावर चढवणार नाही. हे गुडघ्यांना सकाळपासूनच कळलं होतं.

त्या रात्री ती डॉर्कसकडेच राहिली. वाफेचं यंत्र तिन्ही वेळा गुरगुरलं आणि उशाशी दिवा जळत राहिला.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा ढग पांगले होते आणि थंडी हाडात शिरत होती. शेळ्या डोणीपाशी गोळा होऊन नुसत्याच ओरडत होत्या. तिने जवळ जाऊन पाहिलं. पाण्यावर पातळ, नितळ बर्फ धरला होता.

डोणीच्या पलीकडे गेर्टकाका उभे होते. टोपी कानांवर ओढलेली, डोळे लाल. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी काठीच्या टोकाने बर्फ फोडला तशा शेळ्यांनी माना घातल्या.

"एक दिवस थांबली असतीस," ते म्हणाले, "तर कुणाला काही कळलं नसतं."

"हो."

"मलाही नसतं कळलं."

रेबेकाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"डॉर्कसचा दिवा?" त्यांनी विचारलं.

"रात्रभर होता."

त्यांनी मान हलवली. काठी डोणीला टेकवून ठेवली. टेकडीमागून सूर्य नुकता वर येत होता.

"उजवा हात ना?"

"उजवा."

काकांनी उजवा हात सूर्याकडे केला आणि नाकासमोर पाहत उभे राहिले, शाळेतल्या मुलाने नवा धडा गिरवावा तसे. पुढे होऊन तो हात धरावा असं रेबेकाला फार वाटलं. पण ती जागची हलली नाही. शेळ्या पाणी पीत होत्या, आणि म्हातारा हात खाली करत नव्हता.