बुडण्याचा मान

केरूतात्यांची ‘रणचंडी’ जन्मात कधी बुडाली नव्हती. रिमोटवर चालणारी का होईना, युद्धनौका होती ती, चांगली दोन हात लांब. गंगापूर रोडच्या कृषी प्रदर्शनात शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अंथरून केलेल्या टाक्यात ती उतरली, की पाणी अदबीनं चार बोटं मागं सरकतं, असं तात्या स्वतः सांगत. दुसरं कुणी सांगत नसे. नाशकात ही खेळातली जहाजं लढवायचा नाद आणला आणि त्याचं मंडळ काढलं ते तात्यांनीच. आयटीआयमधून निवृत्त झाले आणि घरच्या लेथवर छर्रे मारणाऱ्या तोफा घडवत बसले.

पण गर्दी जीवनकडे.

जीवन हा त्यांचाच चेला, मोबाइल दुरुस्त करणारा. त्याचं जहाज इतक्या वेळा बुडालेलं, की पातळ लाकडाच्या अंगावर ठिगळांवर ठिगळं. नावच मुळी ‘गोधडी’. मंडळाचा रिवाज असा, की प्रदर्शनात नवख्याच्या हाती मंडळाच्या जहाजाचा रिमोट द्यायचा आणि जुन्या गड्यानं आपलं जहाज सावज म्हणून पुढं करायचं. बुडालं की मालकानं पँट वर खोचून टाक्यात उतरायचं आणि ते काढायचं. हा रिवाज तात्यांनीच घातला, आणि एकदाही पाळला नाही. त्यामुळं दरवर्षी नवी माणसं जीवनकडे शिकायला जात. तात्यांना शिकायला येणारं एक तरी माणूस हवं होतं. एकच. पण स्वतःचं.

जीवनची ओली पँट बघूनसुद्धा त्यांचा जळफळाट व्हायचा.

त्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. भर गर्दीत रणचंडी वळवली आणि गोधडीची चाळण करून टाकली. आता लोक आपल्याकडं धावतील म्हणून मिशीला पीळ दिला. लोक धावले, पण जीवनकडे! “अरेरे, बुडालं हो बिचाऱ्याचं!” “भोकं कशी बुजवता, दादा?” कुणी त्याला चहा आणून दिला. तात्यांकडं एकजण आला, तो पार्किंग कुठंय विचारायला.

“जीवन्या,” तात्या दात खात म्हणाले, “गोधडी बुजव लवकर आणि बुडव माझी रणचंडी.”

“तात्या, ऊन लागलं का? गुरूवर तोफ डागू होय?”

“अरे गुरूच सांगतोय!”

“पाप लागेल. त्यापेक्षा गोधडीच परत बुडवा. तुमचा हात बसलाय आता.”

दिंडोरीहून द्राक्षबागेची औषधं बघायला आलेल्या कुसाबाई मघापासून हे ऐकत होत्या. “आणा इकडं ती डबी,” त्या म्हणाल्या. “बागंत फवारणीचा ट्रॅक्टर हाकते मी. बुडवते यांचं.”

मंडळाचं तिसरं जहाज त्यांच्या हाती आलं. छर्रे सुटले. तात्यांनी बुडायचं पक्कं ठरवलं होतं, पण बोटांना कोण सांगणार? रणचंडी आपोआप डावीकडं, उजवीकडं, गर्रकन मागं.

“लयच पळपुटं हाय हो भाऊ, तुमचं!” कुसाबाई ओरडल्या. लोक हसले. जीवनही हसला.

ते हसू तात्यांना छर्ऱ्यापेक्षा खोल लागलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि हात मागं बांधून उभे राहिले. कुसाबाईंनी एका बाजूनं जहाज असं विंचरून काढलं, की रणचंडी कलली, क्षणभर थांबली आणि गेली. अशा ऐटीत गेली, की पाणीपुरीवाल्यानं टोपी काढली म्हणतात.

तात्या पँट खोचून उतरले, कागदावरून घसरले आणि गळ्यापर्यंत बसले. हशा थेट पंचवटीत ऐकू गेला. जीवनला मिळतो त्याहून मोठा होता का? होता. तात्यांनी कान देऊन पारखला.

निथळत बाहेर आले तर कुसाबाई काठावर उभ्या. “रविवारी येते तुमच्याकडं शिकायला,” त्या म्हणाल्या. “तंवर हे नीट करून ठेवा. मला पुन्हा बुडवायचंय.”

तात्यांची छाती फुगली. त्यांनी हळूच पलीकडं पाहिलं. जीवन पाठमोरा, चौघांना ठिगळ लावायला शिकवण्यात गुंग. बेट्यानं ऐकलंच नव्हतं.

“ताई,” तात्या कुजबुजले, “तेवढं जरा मोठ्यानं सांगा की. त्या तिकडच्या माणसाकडं तोंड करून.”