टेबलाचा दाब वीस

काटा वीसवर.

सभागृहात तीनशे माणसं, श्वास रोखून. गादीवर उताणे माझे अप्पा. त्यांच्या पोटावर पितळी डबी, डबीवर आकडे आणि लाल काटा.

"लिव्हरमधला दाब," काटेमहाराज म्हणाले. "डॉक्टर त्यासाठी घशातून नळ्या घालतात. आम्ही नुसता हात फिरवतो."

अंगठी घातलेला हात फिरला.

काटा पाचवर.

लोकांनी हात जोडले. अप्पा रडले आणि म्हणाले, "उद्याची तपासणी नको. गोळ्याही बंद." गेल्या महिन्यात त्यांना रक्ताची उलटी झाली होती. पुन्हा झाली तर वाचतीलच असं नाही.

आमचं पंक्चरचं दुकान. हवा मोजायचा गेज चाकाला लावण्याआधी मोकळा धरून बघायचा. शून्य दाखवलं तरच खरा. शिस्त अप्पांचीच.

मी पुढे गेले. "महाराज, डबी जरा टेबलावर ठेवते."

"वेडे, टेबलाला लिव्हर असतं का?"

लोक हसले.

"नसतं. म्हणूनच."

"गप बस गं," अप्पा म्हणाले. "चारचौघांत शोभा करतेस."

मी डबी ठेवली.

काटा वीसवर.

अप्पा कोपरावर उठले. त्यांनी काटा बघितला. मग महाराजांना म्हणाले, "आता हात फिरवा की."

महाराज ध्यानात गेले. मी त्यांचं मनगट धरून डबीवरून फिरवलं.

काटा पाचवर. टेबल बरं झालं.

खिशातला लोखंडी नट मी त्यांच्या अंगठीजवळ नेला. खटकन चिकटला. अंगठीत चुंबक, काटा लोखंडाचा. संपला चमत्कार.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अप्पांनी डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी घेतली.

"नळी कशाला?"

"तिच्या टोकाला सोनोग्राफी आहे. आतल्या शिरा दिसतात. जठरातून बारीक सुई लिव्हरच्या दोन शिरांत घालायची. एक रक्त आणणारी, एक नेणारी. दोन्हींच्या दाबातला फरक मोजायचा."

"तुमचा गेज आधी शून्यावर आणता?"

"दर वेळी."

"मग घाला नळी."

फरक निघाला चौदा.

"पाचापर्यंत हवा होता," बाई म्हणाल्या. "पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्या सोडायच्या नाहीत, उलट वाढवू."

अप्पांचा चेहरा उतरला. पण गोळी त्यांनी माझ्यासमोर गिळली.

तुमच्या पोटावर कुणी आकडा ठेवला, तर हात जोडू नका. हात मोकळे ठेवा आणि विचारा, मोजलंत कसं? चिडला तर पुन्हा विचारा. मोठ्यानं.