गुडघ्यावरची नायिका

ऑपेरात उंच आवाजाच्या बाईला नायिका करतात आणि तिच्याहून जरा खालच्या, मेझो आवाजाच्या बाईला विजार चढवून पोरगा करतात. का, ते विचारायचं नाही. अशाच एका मेझो गायिकेनं सहा वर्षं मिशी चिकटवून, दुसऱ्या बायकांपुढे गुडघे टेकून प्रेमाची भीक मागितली. तिची आई दर वेळी विचारायची, "यंदा तरी झगा मिळणार का गं?"

अखेर मेझोसाठीच लिहिलेली नायिका निघाली. निवडीच्या दिवशी ती घेरदार झगा घालून उभी राहिली. समोर चांगला गरगरीत नायक. शेवटच्या सुराला त्यानं गुडघा टेकून तिचा हात मागायचा आणि तिनं लाजायचं, एवढंच काम.

शेवटचा सूर लागला आणि सवयीनं तीच धाडकन गुडघ्यावर बसली. तोही बसला. दोघं समोरासमोर, एकमेकांचा हात मागत!

"बाई, आज नायिका तू आहेस!" दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला.

झालं, गेली भूमिका! ती सूर न सोडता टुणकन उठली. नायक मात्र उठेना.

"हात दे गं," तो कुजबुजला. तिनं गातागाताच काखेत हात घालून त्याला उभं केलं.

दिग्दर्शक बघतच राहिला. "आधीच्या चौघींना हा हललासुद्धा नाही. हिच्या झग्याची मापं घ्या!"

तिनं लगेच आईला फोन लावला. "आई, झगा मिळाला."

"अगंबाई! गाणं आवडलं वाटतं?"

"गाण्याचं कुणी नावच काढलं नाही."