अकराव्या प्रश्नातलं पाणी

सदतीस वर्षं मी आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र शिकवलं, आणि सदतीस वर्षं पोरं मला माझ्या मागे खडूस म्हणाली. म्हणोत बापडी. मी मार्क वाटायला बसले नव्हते. मोलर मास काढणं ही काय मोठी विद्या आहे का? तक्त्यातून एकेका मूलद्रव्याचा आकडा उचलायचा, जितके अणू तितक्याने गुणायचं आणि बेरीज करायची. ज्याला वाणसामानाची यादी करता येते त्याला हे आलंच पाहिजे, असं मी पहिल्या तासालाच सांगायचे. तरी लोक चुकायचेच. सगळ्यात जास्त चुकायचे मोरचुदात.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे. त्या खड्यात पाणी असतं, हाताला लागत नाही पण असतं. एका कॉपर सल्फेटमागे पाच पाणी. तापवलं की पाणी उडतं आणि खाली पांढरी भुकटी उरते. पाणी धरलं तर उत्तर २४९.७०, नाही धरलं तर १५९.६२. पाणी विसरलात तर शून्य, अर्धा मार्कसुद्धा नाही, हा माझा नियम होता. भांडायला कुणी यायचं नाही.

एकदा मात्र एकजण आली होती. ट्वायला मेस्नर. अडतीस वर्षांची, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला कापणीच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहायची आणि सकाळी आठला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर यायची. केसांना ब्लीचचा वास असायचा. तिला नर्सिंगला जायचं होतं. जागा मिळाली होती, पण अट होती की रसायनशास्त्रात सत्तर टक्के हवेत. तिचे झाले एकोणसत्तर.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. एका हातात उत्तराची वही, दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिका.

"बाई, अकराव्या प्रश्नातल्या पाण्याचं जरा..."

"पाणी धरलं नाहीस तू," मी म्हणाले. "चार महिने ती निळी बाटली तुझ्या नाकासमोर होती, ट्वायला."

"हो बाई, पण इथे प्रश्नात..."

मी उत्तराची वही घेतली, माझ्या नमुना उत्तरांशी ताडून पाहिली. माझ्याकडे २४९.७०, तिच्याकडे १५९.६२. वही परत दिली. दुसऱ्या हातातल्या कागदाकडे मी बघितलंसुद्धा नाही.

"एका टक्क्याचाच प्रश्न आहे," ती म्हणाली.

"मी आकडे वर ढकलत नाही. उद्या पेशंटला औषध देताना असंच ढकलशील का?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं. पुढे म्हणाले, "हे बघ, काही लोकांच्या डोक्यात हा विषय शिरतच नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आहे ते काम नीट कर." मला वाटलं होतं, मी तिला समजावतेय.

ती म्हणाली, "बरं, बाई." दोन्ही कागद एकात एक घालून घडी केली आणि गेली. पुन्हा परीक्षेला बसली नाही. मी मनात म्हटलं, हिची धमकच नव्हती.

हे झालं तेरा वर्षांपूर्वी. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि माझ्या जुन्या पेपरांची फाइल माझ्या जागी आलेल्या वेंडेल प्रुइटला दिली. गुणी मुलगा आहे, फक्त बोलतो फार. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"आधी विचार, मग ठरवते."

"तेरा वर्षांपूर्वीचा पेपर आहे. अकराव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर चुकलंय. तुम्ही पाणी धरलंय, पण प्रश्नात पाणी नाहीच. नुसतं कॉपर सल्फेट छापलंय. उत्तर १५९.६२ यायला हवं."

माझ्या हातात पाव होता तो मी खाली ठेवला. सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या वर्षी आम्हाला नवे कॉम्प्युटर मिळाले होते आणि पेपर मी पहिल्यांदाच स्वतः टाइप केला होता. कॉपर सल्फेट आणि पाणी यांच्यामध्ये जे टिंब लागतं ते काही केल्या उमटेना. म्हटलं, टिंब आणि त्याच्या पुढचं पाणी छापून झाल्यावर हाताने लिहू. आणि विसरले. वर्गातल्या बहुतेकांनी सवयीने पाणी धरून घोकलेला आकडा उतरवला. छापलेला प्रश्न वाचून उत्तर दिलं होतं ते ट्वायलाने. पाणी ती विसरली नव्हती, मी विसरले होते. एकूण निकालात त्या पेपराला तीस टक्के वजन होतं, म्हणजे तिच्या त्या पाच मार्कांचा दीड टक्का धरला असता तर एकूण सत्तर पूर्णांक पाच झाले असते. नापास तिला मी केलं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. जाताना रुबार्बच्या आंबट देठांचा केक केला होता. दारात उभं राहिल्यावर त्या केकची इतकी लाज वाटली की तो परत गाडीत ठेवून आले.

ट्वायला एक्कावन्नची आहे, दिसते माझ्याएवढी. कॉफी तिने दोन्ही तळव्यांत कप धरून आणली, कारण तिची बोटं आता मिटत नाहीत. वीस वर्षं थंडगार मांस कापलं की असं होतं, ती म्हणाली. तिची मुलगी शेल्बी पायरीवर बसून रबरी बूट घासत होती. चोवीस वर्षांची आहे, त्याच पट्ट्यावर कामाला लागली आहे.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, टिंबसुद्धा नाही.

ट्वायलाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. घरी येऊन मी तो प्रश्न तीनदा वाचला. पाणी नव्हतंच."

"मग परत का नाही आलीस गं?"

"कशी येणार? तुम्ही इतक्या वर्षांच्या मास्तरीण, मी टर्की कापणारी. म्हटलं, माझ्याच डोळ्यांना दिसत नसेल. बरोबर आलेलंही जर चूकच असेल, तर मग बाई म्हणतात तेच खरं, हे आपल्या डोक्यातलं काम नाही." तिने पायरीकडे मान वळवली. "हिला नववीत हा विषय घ्यायचा होता. मीच नको म्हटलं. म्हटलं, आपल्या घराण्याला ते जमत नाही. उगाच कशाला तोंडघशी पडायचं?"

शेल्बीचा ब्रश थांबला होता. मी म्हणाले, डीनकडे जाते, लेखी देते, तुला स्वतः शिकवते, पैसा घेणार नाही. बरंच काही बोलले.

ट्वायलाने हात वर करून मला दाखवला. "या बोटांनी सुई टोचू का, बाई?" ती हसली. चेष्टेत नाही, खरंच हसली. त्याने मला जास्त लागलं.

मग ती उठली आणि फ्रिजशेजारच्या खणातून, हीटरच्या गॅरंटीच्या कागदांखालून, एक घडी काढली. वही आणि प्रश्नपत्रिका, एकात एक, तशीच.

"मार्क द्या मला," ती म्हणाली. "बाकी काही नको."

माझ्या पर्समध्ये लाल पेन अजून असतं. अकराव्या उत्तरावरचं शून्य खोडलं, पाच लिहिले. वर लिहिलेले निकालाचे एकूण टक्के खोडून ७०.५ लिहिलं, सही केली, तारीख घातली.

"सत्तर पूर्णांक पाच म्हणजे पास ना?"

"पास," मी म्हणाले. "माझं चुकलं, ट्वायला."

तिने ते दोन्ही कागद फ्रिजवर लावायला घेतले, पण तिच्या बोटांत चुंबक धरवेना. दोनदा पडला. शेल्बीने आत येऊन तो उचलला आणि लावला.

"बघ गं," ट्वायला म्हणाली. "तुझी आई पास झाली."

शेल्बीने दोन्ही कागद वाचले. वरपासून खालपर्यंत, प्रश्नसुद्धा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं.

"आई, माझी कामावर जायची वेळ झाली," ती म्हणाली, आणि पायरीवर जाऊन बूट घालायला लागली.