सांडव्यावरची जाळी

ती जाळी मी विणली होती, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं लपवलं.

आमचं धरण म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. बापानं गाढवांवरून माती वाहून घातलेला तीन पुरुष उंचीचा बांध. बाप गेल्यावर ते माझ्या धाकट्या भावाच्या, अन्सेल्मोच्या नावावर झालं, पण राज्य माझंच. मी लग्न केलं नाही, त्यानं केलं ते टिकलं नाही. साठी उलटली तरी "ताई, जेवायला बसू का?" विचारणारा माणूस.

धरणाच्या एका टोकाला सांडवा. जास्तीचं पाणी तिथून निघून जायचं, आणि त्याबरोबर आमचे तिलापिया मासेही. कुठं? तर खाली तिबुर्सियुच्या डबक्यात. या शेजाऱ्यानं कधी स्वतः एक पिल्लू आणून सोडलं असेल तर शपथ! पाऊस झाला की टोपली घेऊन तयार. आयत्या बिळावर नागोबा. वर मलाच ओरडून सांगायचा, "जोवेलिनाबाई, यंदा मासे जरा बारीक आहेत हो!"

माझं डोकं फिरलं. बसले आणि नायलॉनच्या दोरीची जाळी विणली, सांडव्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बोटभर पिल्लूसुद्धा सुटणार नाही अशी.

धरणं तपासायला वर्षातून एकदा इरानेद नावाची सरकारी इंजिनीयर यायची. आमच्यासारखी शंभरेक खासगी धरणं एकट्या पोरीच्या गळ्यात, आणि गाडी एकच, तीही धक्का मारून सुरू होणारी. बांधावरून चालत जायची, माती उकरणाऱ्या आर्माडिलो प्राण्यानं केलेली बिळं बुजवायला सांगायची. यंदा जाळी बघून थांबलीच.

"मावशी, ही आजच काढा. पुरात पाला-फांद्या अडकल्या की सांडवा बंद होईल. मग पाणी बांधावरून जाणार. मातीचं धरण आहे, एकदा वरून पाणी गेलं की तासभरसुद्धा टिकत नाही."

"बाई, हा बांध तुझ्या जन्माआधीपासून उभा आहे."

"तेव्हा जाळी नव्हती ना, मावशी?"

मला मिरच्या झोंबल्या. अन्सेल्मोनं मात्र निमूटपणे जाळी सोडली, घडी घातली, जाळी काढल्याच्या कागदावर सही केली. मी तिला कॉफी दिली. ती समाधानानं गेली.

तिच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत मी म्हटलं, "चल, बांध परत."

"ताई, ती बरोबर बोलत होती."

"आणि गुड फ्रायडेला? महिना राहिलाय. त्या दिवशी आपल्या दारातून कुणी माशाशिवाय परत गेलेलं नाही, बापाच्या वेळेपासून. यंदा काय तिचा कागद तळून वाढू?"

तो हसला. माझ्यापुढं त्याचं कधी काही चाललंच नाही. पाण्यात उतरून त्यानं जाळी भिंतीतल्या कड्यांना बांधली. मी बघितलं, तर गाठी ढिल्या. मीच उतरले, सगळ्या सोडल्या आणि पीळ देऊन दुहेरी मारल्या. "तुझ्या गाठी तुझ्या लग्नासारख्या," मी म्हटलं. "जरा ओढ बसली की सुटल्या!" हे ऐकून तर तो खो खो हसला.

संत जोसेफच्या दिवशी पाऊस आला. त्या दिवशी आला की साल चांगलं, असं आम्ही मानतो. सगळी आनंदात. तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी कॉफी गाळत होते, तर अन्सेल्मो दारात उभा.

"ताई, सांडव्यावरून पाणी पडत नाहीये."

"बरं झालं, मासे राहतील."

"अगं ताई, तळं काठोकाठ आहे!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं कोयता उचलला. "तू खाली जा. तिबुर्सियुला आणि त्याच्या बायकोला वर काढ. पळ!" जन्मात पहिल्यांदा त्यानं मला हुकूम सोडला आणि मी ऐकला.

ओरडत गेले. तिबुर्सियुनं एका हातानं बायकोला धरलं, दुसऱ्या हातानं मला, आणि आम्हाला टेकाडावर ओढलं. तिथून सगळं दिसत होतं. फांद्या, पाणवेली, पाला यांनी जाळीची भिंत झाली होती. अन्सेल्मो छातीभर पाण्यात उभा राहून कोयता मारत होता. पलीकडे बांधावरून पाणी वाहायला लागलं होतं, दूध उतू जावं तसं.

"अरे सोड! मरू दे ते धरण, तू ये!" मी ओरडले. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. हात काही थांबवला नाही. मग बांध त्याच्या बाजूनं खचला. पुढचं मला सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिबुर्सियुच्या मक्यात सापडला. तिबुर्सियुचं घर वाहून गेलं होतं, तरी त्यानंच त्याला उचलून आणलं, अंगावरचा चिखल धुतला. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आठवड्यानं इरानेद आली. तिबुर्सियुही तेव्हाच आला होता, टोपली घेऊन. "मासे डबक्यात जिवंत सापडले. तुमचेच आहेत," म्हणाला आणि टोपली माझ्या पायाशी ठेवली.

इरानेदचे डोळे सुजलेले. तिनं कागद काढला. "मावशी, विचारावंच लागतं. सांडव्यावर जाळी होती का?"

"नव्हती," तिबुर्सियु पटकन म्हणाला. "मी बघितलंय ना. पाऊसच तसा होता."

ती लिहायला लागली. मी गप्प बसले असते तर तिथंच मिटलं असतं. पण मग माझा भाऊ कशासाठी मेला?

"होती," मी म्हटलं. "त्यानं काढली होती, सही खरी आहे त्याची. मी परत बांधायला लावली. लिही, बाई. माझं नाव लिही."

काटेरी झुडपात अडकलेली जाळी मी काढून आणली होती. तिच्यापुढं पसरली. एका बाजूच्या सगळ्या गाठी कोयत्यानं तोडलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या तशाच होत्या, भिंतीतून उपटलेल्या कड्यांना घट्ट. त्याच्या गाठी असत्या तर त्या ओढीनं आपोआप सुटल्या असत्या.