कपाटावर जपून ठेवलेली घंटी

मी एक जुनी घंटी आहे. जुनी म्हणवून घ्यायला मला आवडते, कारण आयुष्याची सुरुवातीची कितीतरी वर्षे मी नवीकोरीच राहिले आणि त्यापायी एका भल्या माणसाचे घर सुटायची वेळ आली होती. मित्रांनो, घंटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पितळेची, लोलकाची घंटा आली असेल. तशी मी नाही. मी आहे मोठ्या नाण्याएवढी पांढरी चकती, मधोमध लाल बटण असलेली, गोफात ओवून गळ्यात घालायची. माझा स्वतःचा आवाजही नाही. मला दाबले की खोलीच्या भिंतीवरचा डबा जागा होतो आणि कचेरीत गजर होतो. मग कचेरीतले माणूस डब्यातून विचारते, "काय झालं?" बोलायचे काम डब्याचे, धावायचे काम माणसांचे. मला फक्त हाताशी असावे लागते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात बॅटरी बसवली. दुसरीने रबराची कडी घालून झाकण घट्ट केले. शेवटी बसलेल्या तपासनीस बाईंच्या मनात मात्र माझ्याविषयी काडीची दयामाया नव्हती. त्यांनी मला पाण्यात बुडवले, फरशीवर आपटले, उचलून दाबून पाहिले आणि पुन्हा आपटले. एवढे करून त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि त्यांनी मला खोक्यात टाकले. त्या "हं"चा मला फार अभिमान वाटला होता.

तिथून मी आले ती थेट म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात. एकमजली इमारत, मधे अंगण, चारी बाजूंना एकेका माणसाच्या खोल्या. प्रत्येकाचे स्वतःचे दार, स्वतःची कडी, कोपऱ्यात चहापुरता ओटा. अडीअडचणीला कचेरीत एक ताई. त्या वर्षी निवासाचा कायापालट चालला होता. दारांच्या चौकटी रुंद झाल्या, न्हाणीघरात धरायला दांड्या आल्या, पलंगावरून पाय खाली टेकताच आपोआप लागणारे दिवे बसले, दाराच्या कड्या बाहेरूनही उघडता येतील अशा झाल्या. आणि माणशी एक घंटी वाटण्यात आली. कुणी म्हणाले, छान झाले. कुणी नाक मुरडले. एक आजोबा तर भर अंगणात ओरडले, "गळ्यात घंटी बांधायला मी काय गाय आहे?"

मी ज्यांच्या वाट्याला आले त्यांना सगळे काचकाका म्हणत. त्यांनी उभा जन्म काचेच्या भांड्यांचे दुकान चालवले होते. पेले, बरण्या, कपबश्या, दिव्यांच्या काचा. त्यांच्या हातून आयुष्यात एकही वस्तू फुटली नाही, असे ते सांगत, आणि त्यांचे हात पाहिले की ते खरे वाटे. दुकान बंद झाले तेव्हा त्यांनी सहा पेले स्वतःसाठी ठेवून घेतले होते. ते खोलीतल्या फळीवर एका ओळीत उभे असत. काका रोज ते पुसत, पण त्यात कधी पाणी ओतत नसत. स्वतः ते स्टीलच्या भांड्याने पाणी पीत.

मला गळ्यात घातले ते त्यांच्या मुलीने. ती दुसऱ्या शहरात राही. काका आधी एकदा न्हाणीघरात घसरले होते, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

"बाबा, नीट ऐका," ती म्हणाली. "ही गळ्यात राहणार असेल तरच तुम्ही इथे एकटे राहायचं. नाहीतर सरळ माझ्याकडे यायचं. हॉलमध्ये पलंग टाकते तुमच्यासाठी."

"हॉलमध्ये," काका म्हणाले.

"मग काय करू? दोनच खोल्या आहेत आमच्या. बघा बाबा, मी काही मजेत सांगत नाहीये."

काकांनी मान डोलावली. लेकीवर त्यांचा जीव होता. पण आपली खोली, आपली कडी, वाटेल तेव्हा उठून करायचा आपला चहा, हे सगळे सोडून दुसऱ्याच्या हॉलमध्ये सर्वांच्या डोळ्यांदेखत झोपायचे, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे. ते मला स्पष्ट दिसले, कारण तेव्हा मी त्यांच्या छातीवरच होते.

मुलगी गेली. काकांनी मला गळ्यातून काढले, उजेडात धरून उलटसुलट पाहिले आणि हळूच म्हणाले, "नाजूक दिसतेय."

झाले! त्यांनी मला आधी मऊ कागदात गुंडाळले, मग वर्तमानपत्रात, मग माझ्याच खोक्यात ठेवले, वरून सुतळी आवळली आणि दुकानदाराची पक्की गाठ मारली. दुकानात सर्वांत नाजूक माल सर्वांत वरच्या फळीवर राही, कारण तिथे कुणाचा धक्का लागत नाही. त्या हिशेबाने मी कपाटाच्या माथ्यावर गेले.

मित्रांनो, खरे सांगते, मला तिथे वाईट वाटत नव्हते. तळहातावरच्या फोडासारखे जपले जाणे कुणाला नको असते? समोरच्या खोलीत सिस्टर राहत. त्या निवृत्त परिचारिका. त्यांची घंटी कधी चहात बुडे, कधी साबणाने माखे, कधी दाराच्या कडीवर आपटे. वर्षभरात तिची पार रया गेली. मी मात्र अजून कारखान्यातल्या पारदर्शक आवरणात होते.

पण मग आमची चोरी पकडली कशी गेली नाही? त्याला कारण सोमवार. दर सोमवारी सकाळी ताई सगळ्या घंट्यांची चाचणी घेत. खोल्यांच्या क्रमाने एकेकाने बटण दाबायचे, डब्यातून ताईंचा आवाज येई, "आला आवाज, थँक्यू," की झाले. काका आपली पाळी यायच्या आधी स्टुलावर चढत, खोका खाली घेत, गाठ सोडत, कागद उलगडत, मला अलगद दाबत आणि पुन्हा सगळे होते तसे बांधून वर ठेवत. ताईंकडे काकांची घंटी कधीही नापास झाली नाही. मुलीचा फोन आला की ती विचारे, "घंटी ठीक आहे ना?" आणि काका अगदी मनापासून सांगत, "एकदम ठीक आहे. ओरखडासुद्धा नाही बघ." दोघांचाही जीव भांड्यात पडे.

असाच एक सोमवार होता. काका स्टुलावर चढले. त्यांची बोटे खोक्याला लागली, खोका कपाटाच्या कडेपर्यंत सरकला, आणि त्याच वेळी खालून स्टूल कलंडले. मला वरून काही दिसले नाही. आधी स्टुलाचा आवाज आला, मग काकांचा. तो आवाज मोठा नव्हता. वजनदार पोते ठेवल्यासारखा होता.

ज्या कामासाठी माझा जन्म झाला ते काम खाली फरशीवर पडले होते आणि मी तीन थरांच्या आत सुतळीत बांधलेली होते.

डबा बोलला. "काका, तुमचं राहिलंय. बटण दाबताय ना?"

ताईंचाच आवाज. डबा एकदा उघडला की खोलीतला शब्दन् शब्द कचेरीत ऐकू जातो. काकांनी नुसते "पडलो" म्हटले असते तरी ताई हातातले काम टाकून धावत आल्या असत्या. पण धावत आल्यावर त्यांना काय दिसले असते? रिकामा गळा, कपाटावरचा खोका. मग मुलीला फोन, आणि मग हॉलमधला पलंग. काकांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"दाबतो हं, ताई," ते म्हणाले. आवाज त्यांनी शक्य तितका नेहमीसारखा ठेवला. "जरा थांबा."

"सावकाश, सावकाश. मी पुढच्यांचं उरकते तोवर."

डबा गप्प झाला. मला राग आला, मित्रांनो. माझा रागवायचा स्वभाव नाही, पण त्या दिवशी आला. डावा हात अंगाखाली मोडून पडलेला हा माणूस मदत मागायची सोडून मलाच शोधत होता. आवाजावरून मला कळत होते: फरफटत ते पलंगापर्यंत गेले. पलंगाला अडकवलेली काठी त्यांनी ओढली. परत फरफटत कपाटाशी आले आणि पडल्या पडल्या काठीने खोक्याला टोचू लागले. कितीदा चुकले. अखेर खोका कडेवरून घसरला आणि त्यांच्या छातीवर आदळला.

आता गाठ. ती गाठ वाहतुकीत सुटू नये म्हणूनच होती, आणि एका हाताने तर ती सुटणारच नव्हती. काकांनी दात लावले. सुतळी दातात धरून ते खेचत होते आणि मधूनमधून कण्हत होते. गाठ सैल झाली. वर्तमानपत्र फाटले. मऊ कागद मात्र त्यांनी त्याही अवस्थेत फाडला नाही, उलगडला. मग त्यांनी मला दाबले.

डबा लगेच बोलला. "आला आवाज, काका! थँक्यू."

आणि ताई डबा बंद करणार होत्या. का नाही करणार? सोमवार होता, चाचणी चालू होती, काकांनी थांबा म्हटले होते आणि आता बटण दाबले होते. सगळे कसे नियमाप्रमाणे झाले होते.

"ताई," काका म्हणाले.

"बोला ना."

 काकांचा अंगठा अजून माझ्यावरच होता. मग तोंडातून शब्द एकदम बाहेर पडले.

"चाचणी नाहीये ही. मी पडलोय. फरशीवर आहे मी. उठवत नाहीये."

पुढचे लवकर झाले. ताई कडी बाहेरून उघडून आत आल्या. पडल्याचा आवाज ऐकून त्यांच्या आधी सिस्टर उंबऱ्याशी पोहोचल्या होत्या. त्यांनी काकांना हलवू दिले नाही, मनगटाखाली उशी दिली आणि आजूबाजूला पसरलेल्या कागद-सुतळीकडे पाहून म्हणाल्या, "काय हो काचवाले, घंटी पार्सलने मागवली होती का?" काका हसले आणि लगेच रडले.

मनगट मोडले होते. कंबर वाचली. दुसऱ्या दिवशी मुलगी आली. ती रागावली नाही, हेच काकांना जास्त लागले असावे. तिने पलंगावर बॅग उघडून ठेवली.

"अट आठवते ना, बाबा?"

"आठवते."

प्लास्टरमधला हात पोटाशी धरून काकांनी फळीवरचे पेले एकेक करून कागदात गुंडाळायला घेतले. एका हाताने ते काम नीट होत नव्हते. मुलगी मदतीला गेली तेव्हा त्यांनी तिला करू दिले. चार पेले बॅगेत गेले तेव्हा ताई मला घेऊन आत आल्या.

"जरा थांबा," ताई म्हणाल्या. "चूक एकट्या काकांची नाहीये. दर सोमवारी मी घंटी वाजते का तेवढंच बघायचे. ती असते कुठे, हे मी कधी विचारलंच नाही."

"पण त्यांनी काढून ठेवलीच का?" मुलीने विचारले.

"नाजूक आहे ती," काका खाली मान घालून म्हणाले. "महागाचीही असेल. माझ्या हातून फुटली असती तर?"

ताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग माझ्या अंगावरचे पारदर्शक आवरण नखाने सोलून काढले, हात खांद्याच्या वर नेला आणि मला दाणकन फरशीवर आपटले.

"अहो ताई!" काका किंचाळले. हातातला पेला त्यांनी छातीशी गच्च धरला.

मी उसळून भिंतीवर आपटले, गरगरत स्टुलाखाली गेले. ताईंनी मला उचलून पुन्हा एकदा आपटले, चांगले जोर लावून. माझ्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उमटला, एका बाजूचा टवका उडाला. मग त्यांनी काकांच्या हातातला पेला काढून फळीवर ठेवला आणि मला त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवले.

"दाबा."

काकांनी दाबले. भिंतीवरचा डबा वाजला. कचेरीतला गजर अंगण ओलांडून आम्हा सर्वांना ऐकू आला.

"झाली जुनी," ताई म्हणाल्या. "आता हिला जपण्यासारखं काही राहिलं नाही. घाला गळ्यात. फुटली तर दुसरी देईन, तीही फोडा."

काका माझ्या ओरखड्यावरून बोट फिरवत राहिले. मुलीने त्यांच्या हातातून मला घेतले आणि गोफ त्यांच्या डोक्यावरून खाली सरकवला. तिने बॅगेत हात घातला, एक पेला कागदातून सोडवला, नळाखाली धरला आणि त्यातून पाणी प्यायली. काका बघत राहिले. उरलेले पेले तिने एकेक करून फळीवर ठेवले आणि रिकामी बॅग मिटली.

मित्रांनो, तेव्हापासून मी रोज आंघोळ करते. उशीखाली चेंगरते, ओट्याच्या कडेवर आपटते, चहाच्या वाफेने घामेजते. माझे लाल बटण फिके पडले आहे. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी उलटे मागते. तुमच्या आजीला, आजोबांना कुणी अशी घंटी दिली असेल, तर ती हातात घेऊन नीट बघा. कळकट असेल, टवके उडालेले असतील, तर खुशाल खेळायला जा. पण ती नव्यासारखी चकाकत असेल, तर तिथेच थांबा, आणि त्यांच्याजवळ बसून विचारा, ही राहते कुठे?