उजव्या डोळ्याची भाकरी

हातात धरून खेळायच्या जुन्या गेमच्या मशीनला कार्डाची खाच होती, तिच्यात करड्या पुडीची बारीक रेघ बसली होती. शिवरंजनीनं ती कोरड्या ब्रशनं कागदावर झाडून घेतली, दोन बोटांत चोळून पाहिली. विभूती.

"आत्याबाई, या मशीनला विभूती कोण लावतंय?"

"मीच. रोज," चन्नबसम्मा म्हणाल्या. "तराजूला लावतेत, मोटारसायकलीला लावतेत. ह्यालाच काय झालं?"

"वरून लावा ना मग! या फटीत कशाला भरायलात?"

"मला काय फट दिसती का?" बोलून गेल्यावर सासूबाईंनी जीभ चावली. "म्हंजे, अंधार होता तवा."

तीच तर भानगड होती. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी थांबलात तर तो कडक होईल, ऑपरेशन अवघड जाईल. पण आत्याबाईंकडे बिनतोड पुरावा होता: धाकटा लेक रुद्रेश पुण्याला जाताना पालमच्या घरी टाकून गेलेला हाच हातातला गेम. दुपारभर त्या त्यात विटा रचत बसत. "मी विटा रचते अन् तुमी मला आंधळी म्हणताव!" विटा फिकट झाल्यात हे त्यांनाही कबूल होतं, पण ते मशीन म्हातारं झाल्यामुळं.

शेवटी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिवरंजनीनं ठरवलं, डोळ्यांची तपासणी त्याच मशीनमध्ये घालायची. त्याच्यासाठी नवं ॲप मिळणं कधीच बंद झालं होतं. मात्र सिस्टीमच्या आत 'आरोग्याच्या सूचना' नावाचं एक ॲप होतं, जे जन्मात कुणी उघडत नाही. त्याचं नाव आणि चिन्ह तसंच ठेवून पोटात आपला प्रोग्राम बसवायचा. फक्त तो मूळच्यापेक्षा मोठा नको. कित्येक रविवार घालवून तिनं तो छाटून कार्डावर घेतला, आणि आज विभूतीमुळं कार्डच वाचलं जात नव्हतं.

खाच साफ झाल्यावर प्रोग्राम बसला. पडद्यावर एका बाजूनं तुटलेलं वर्तुळ आलं. तुटलेल्या बाजूचं बटण दाबायचं.

चन्नबसम्मांनी मशीन खाली ठेवलं. "माय वं! तुझा सासरा जित्ता हाय, अन् मला फुटकी बांगडी दाखवायलीस?"

"आत्याबाई, ते नुसतं वर्तुळ…"

"बदल."

शिवरंजनीनं डोळे मिटून श्वास सोडला आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. चित्र बदललं, प्रोग्राम नव्यानं तयार केला, परत आत बसवला. आता एका बाजूनं खाल्लेली भाकरी आली.

"ही चालंल. उष्टी कुणी केली?"

"उंदरानं. कुठल्या बाजूनं खाल्ली तेवढं सांगा."

उजवा डोळा झाकून त्यांनी पटापट बटणं दाबली. भाकरी लहान होत गेली तरी त्या चुकल्या नाहीत. मग डावा झाकला. पडद्यावर मोठ्यात मोठी भाकरी होती. त्यांनी अंदाजानं वरचं बटण दाबलं. मग खालचं. दोन्ही चूक.

"बिघडवलंस तू."

"आता हात काढा."

भाकरी डावीकडून खाल्लेली होती, अगदी स्वच्छ. त्यांनी डोळा परत झाकला. परत उघडला.

"मशीन तेच, भाकरी तीच!" शिवरंजनीचा आवाज चढला. "आता मशीन म्हातारं झालं म्हणा, मी उचलून नालीत टाकते!"

चन्नबसम्मांनी आणखी एकदा डोळा झाकून पाहिला. मग पुढच्या दुकानात बसलेल्या थोरल्या लेकाला त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

"मल्लिकार्जुना! महादेवाचा सोमवार सोडून कोणचाबी दिवस धर अन् दुकान बंद ठेव. परभणीला जायचं. डोळा करून घ्यायचाय मला."